मुंग्या कुठवर आल्या?

ऐन दिवाळीच्या गर्दीत महाद्वार रोडच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला कुणी "मुंग्या कुठवर आल्या?" असं ओरडून विचारलं, तर आसपासच्या माणसांनी काय समजावं? मी साडीच्या फॉलचे रंग जुळवत एका दुकानाच्या पायरीवर उभी होते. पलीकडं डॉक्टर. हातात कांद्याची पिशवी, शर्टाची बटणं एकेक काज चुकलेली. मी उजवा हात उंच धरला, डाव्या हाताच्या बोटानं त्यावरची जागा दाखवली आणि तिथूनच ओरडले, "मनगट वलांडलं." त्यांनी पिशवीसकट हात हलवला आणि ते गर्दीत दिसेनासे झाले. दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. मग मी म्हणेन त्या भावात त्यानं फॉल दिला. वेड्या माणसाशी कोण घासाघीस करणार?

डॉक्टर हे असे. कोल्हापुरात त्यांना नावानं ओळखणारी माणसं थोडी आणि ‘मुंग्यांचा डॉक्टर’ म्हणून ओळखणारी फार. तुटलेल्या नसा जोडणं हे त्यांचं काम. ऑपरेशन मोठ्या दवाखान्यात करायचे आणि पुढची तपासणी रंकाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत. शिकायला बरीच वर्षं मुंबईला राहून आले होते, पण बोलणं पेठेतलं ते पेठेतलंच. तिथं पेशंटला नाव नसायचं. ज्याची जी नस गेली ते त्याचं नाव. मी ‘मीडियन’. हाताच्या मधून उतरते आणि अंगठा व शेजारची दोन बोटं सांभाळते ती नस. माझ्या आधी एका पैलवानाचा नंबर असायचा. कुस्तीत गुडघा पिरगळून त्याच्या पायाची नस ताणली गेली होती. तो ‘पेरोनियल’. कंपाउंडर दारात येऊन "पेरोनियल, आत चला" असा पुकारा करायचा आणि तो आडदांड गडी लाजत उठायचा. आधी त्याला ती शिवीच वाटली होती, असं त्यानंच मला सांगितलं. त्याचं पाऊल वर उचललं जात नव्हतं. कोल्हापुरी चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि त्याला पत्ता नसायचा. जरा पुढं गेला की कुणीतरी हाक मारायचं, "पैलवान, चप्पल."

माझी गोष्ट काचेची. शिवाजी पेठेत आमचं टेलरिंगचं दुकान. आण्णा, म्हणजे माझे वडील, ब्लाउज बेतायचे आणि मशीनवर मारायचे. काज, हुक, हातशिलाई असलं बारीक काम सगळं माझं. लग्नसराईत बायका बजावून जायच्या, हातशिलाई पोरीचीच पाहिजे. मलाही दुसरं काही करायचं नव्हतं. आण्णांच्या मागं दुकान मी चालवणार हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मे महिन्याच्या एका दुपारी गल्लीतला फुटबॉल आमच्या शोकेसच्या काचेवर बसला. आमच्या पेठेत अशा वेळी बॉलला कुणी बोलत नाही. काच तिथं कशाला लावली, असं विचारतात. तडकलेली काच चौकटीतून काढायला मी हात घातला आणि वरचा तुकडा सुटून खाली आला. कोपर आणि मनगटाच्या मधोमध, उजवा हात.

टाके काढायच्या दिवशी मी जखम पहिल्यांदा नीट बघितली आणि माझ्या तोंडातून गेलं, "टाकं वाकडं पडल्यात की, डॉक्टर." आण्णांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी डोळ्यांवरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि मी काय काम करते ते विचारलं. टेलर म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की बाहेर माणसं ताटकळत असताना ते मला दोऱ्याबद्दल सांगत बसले. केसाहून बारीक दोरा, त्याच्या जोडीची सुई, आणि नसेच्या वरच्या आवरणाला घातलेले मोजके टाके.

"वरचं वाकडं आसू दे. आतलं सरळ हाय," ते म्हणाले. "पर मी फकस्त पिशवी शिवलीया, पोरी. भरायचं काम तिचं हाय."

आमच्या पेठेत रक्तवाहिनी, नस, स्नायूची दोरी, सगळ्याला एकच शब्द, शीर. ते डॉक्टर चालवून घ्यायचे. ‘वायर’ म्हटलेलं मात्र त्यांना अजिबात खपत नसे. आता वायर जोडलीया म्हटल्यावर लाइट लागायला काय हरकत, असं आण्णा एकदा बोलून गेले. डॉक्टर भडकले. वायर मेलेलीच असते, म्हणून ती जोडली की चालू होते. नस जिवंत. ती तुटली की तुटल्या जागेपासून पुढची सगळी मरते, तिचे तुकडे तुकडे होतात, आणि ती मेल्याशिवाय नवी येत नाही. आण्णा घाबरले. मला मात्र तो राग आवडला. माझ्या हाताबद्दल एवढ्या पोटतिडकीनं चिडणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. बाकीचे सगळे नुसते हळहळत होते.

‘कधी’ हा शब्दही त्यांच्या खोलीत चालायचा नाही. कुणी "कधी" म्हणालं की ते त्याला बाहेर काढायचे, समोरच्या गाड्यावर चहा पिऊन ये आणि दुसरा प्रश्न घेऊन ये म्हणायचे. आण्णांनी यापायी पुष्कळ चहा प्यायला. एकदा मात्र डॉक्टरांना त्यांची दया आली असावी. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आत काड्या नव्हत्या, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचे दाणे होते. एक दाणा त्यांनी टेबलावर ठेवला. दुसरा दातानं मोडून त्यातला अर्धा पहिल्याला चिकटून मांडला. नस आठवड्याला एवढी पुढं सरकते, म्हणाले. आण्णांनी सवयीनं घासाघीस केली, दोन धरूया की.

"दोन म्हणालो तर खोटं हुईल," डॉक्टर म्हणाले आणि उरलेला अर्धा दाणा त्यांनी चावून खाल्ला.

ती सरकते आहे हे कळायचं कसं, तर मुंग्यांवरून. ते माझा हात मांडीवर घ्यायचे आणि बोटांकडून कोपराच्या दिशेनं टिचक्या मारत यायचे. कलिंगड वाजवून घेणारी माणसं घेतात तशी मान तिरकी करून. नव्या नसेचं कोवळं टोक जिथं पोचलेलं असतं तिथं टिचकी बसली की मेलेल्या बोटांत मुंग्या उठतात. मग माझ्याच पिशवीतला मार्किंगचा खडू घेऊन ते हातावर रेघ मारायचे. हे सगळं नंतरचं. पहिले काही महिने टिचक्या नुसत्याच वाजत राहिल्या. जखमेच्या खाली एक मुंगी उठायला तयार नव्हती.

त्याच दिवसांत एकदा मी दुकानात ब्लाउजला इस्त्री करत होते आणि मला काहीतरी जळल्याचा वास आला. कापड बघितलं, ठीक होतं. मग बघितलं तर माझं पहिलं, अंगठ्याशेजारचं बोट इस्त्रीच्या कडेला टेकलेलं होतं. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. आपलंच बोट जळतं आहे आणि ते आपल्याला नाकानं कळतं, याची जी भीती वाटली ती मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरांनी बोटाला पट्टी बांधली आणि ते उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात लालभडक नेलपॉलिशची बाटली होती. बांगड्यांच्या दुकानात जाऊन स्वतः आणलेली. माझ्या तीन बधिर बोटांची नखं त्यांनी रंगवली आणि सांगितलं की ही बोटं आता आंधळी आहेत, जिथं लाल दिसेल तिथं डोळे पाहिजेत. केसाहून बारीक दोरा ओवणाऱ्या माणसानं नेलपॉलिश मात्र निम्मं कातडीवर फासलं होतं. पेठेत आठवडाभर चर्चा, टेलरच्या पोरीनं अर्ध्याच हाताला नेलपॉलिश लावलंय. पण मी रंग पुसला नाही, कारण पुढच्या खेपेला पैलवान दवाखान्याच्या बाकावर बसला होता आणि त्याच्या एका पायाच्या पाचही बोटांना तोच लाल रंग होता. तालमीत काय झालं असेल ते मी विचारलं नाही.

श्रावणात माझा धीर सुटला. आण्णा गौरी-गणपतीच्या ऑर्डरी परत पाठवायला लागले होते. मला कळू नये म्हणून ते गिऱ्हाइकाला बाहेर रस्त्यावर नेऊन नाही म्हणायचे. अंगठ्याच्या बुडाचा मांसाचा गड्डा वाळून गेला होता. मी डॉक्टरांना म्हणाले, "हात गेला आसं एकदा सांगून टाका. मी सुटतो की."

डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी माझा हात पालथा केला, सुलटा केला आणि हळू आवाजात बोलले. इतका वेळ सलग बोलताना मी त्यांना पुन्हा कधी ऐकलं नाही.

"तू म्हणत्यास काय हुईना झालंय. आगं, आत केवढी गडबड चाललीया. तुटलेलं पुढचं सगळं मेलं. त्येचा चुरा झाला. त्यो चुरा उचलायला झाडूवाली माणसं आल्यात, ती उचलाय लागल्यात. नळी तेवढी ऱ्हाती. रिकामी. त्या नळीच्या आतनं बारकी बारकी माणसं वळीनं हुबी ऱ्हात्यात आन् वरच्याला हाक मारत्यात, ये, हिकडनं ये म्हणून. वरचं टोक आंधळं आसतंय. ते हाकंवर चालतंय. तुला ऐकाय येत न्हाय म्हणून काय हाक मारायची थांबलीत व्हय ती?"

मी रडले. रडू दिलं त्यांनी. मग म्हणाले, नळी कायमची वाट बघत नाही, मांसही बघत नाही, म्हणून बोटं रोज हलवायची, दुसऱ्या हातानं का होईना. रडायचं असेल तर हलवत रड. मी तसंच करत घरी गेले.

आता आईबद्दल सांगायला हवं. "मुंग्या आल्या पाहिजेत" हे डॉक्टरांचं वाक्य आण्णांनी पहिल्या महिन्यातच घरी येऊन सांगितलं होतं. हाताला मुंग्या येणं म्हणजे काय हे आईला कळत नव्हतं असं नाही. पण मुंग्या त्या मुंग्या, एकीला खूश केलं तर दुसरीच्या कानावर जाईल, असा तिचा हिशेब. दुसऱ्या दिवसापासून परसातल्या औदुंबराखाली मुंग्यांच्या वारुळाशी ती रोज सकाळी साखर आणि कणीक घालायला लागली. डॉक्टरांना असल्या गोष्टींचा तिटकारा. दवाखान्याच्या दाराला कुणीतरी बांधलेली लिंबू-मिरची त्यांनी गटारात फेकली होती. म्हणून आम्ही हे लपवून ठेवलं. पण एक दिवस आई माझ्याबरोबर आली आणि तिनंच विचारलं, "डॉक्टर, साखर रोज घालतोय, तरी मुंग्या कशा यिनात?"

मग तिनं सगळंच सांगितलं, डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मी जमिनीकडं बघत बसले होते.

"कुठल्या मुंग्या?" त्यांनी विचारलं.

"काळ्या."

"साखर कोण घालतंय?"

"मी की."

"तुमचा हात तुटलाय काय, वैनी?"

डॉक्टरांनी फर्मान काढलं, उद्यापासून साखर हिनं घालायची. त्याच तीन बोटांनी चिमूट धरायची, डोळे बोटांवर ठेवायचे, आणि वारुळापर्यंत साखरेचा कण सांडता कामा नये. सांडली तर परत जाऊन नवी चिमूट. आईला वाटलं डॉक्टर देवाला लागले. पैलवानाला वाटलं ही सगळ्यांनाच सांगितलेली पथ्यं आहेत. तो बिचारा पायाचं दुखणं असूनही तालमीमागच्या पिंपळाखाली साखर घालायला लागला. पुढं पुढं हाताचा कुणीही नवा पेशंट आला की डॉक्टर आधी विचारायचे, घराजवळ वारूळ हाय काय.

माझी चिमूट काही धड येईना. साखर दारापाशीच गळून जायची. अंगठा बोटांसमोर यायला तयार नव्हता, नुसता शेजारी येऊन टेकायचा. मी चिडायचे, आई पुन्हा डबा पुढं करायची. पण दिवाळीत मुंग्यांनी मनगट ओलांडलं, संक्रांतीच्या सुमाराला त्या तळहातावर पोचल्या, आणि एक दिवस अंगठ्याच्या बुडाशी काहीतरी फडफडलं. डॉक्टर त्याकडं इतका वेळ बघत राहिले की चहा गार झाला. पैलवानाचं पाऊलही त्याच दिवसांत जरासं वर आलं. तो दवाखान्यात येऊन चप्पल घालून दाखवून गेला.

आणि मग वर्ष फिरून लग्नसराई तोंडावर आली असताना, एका सकाळी मी औदुंबराखाली वाकून साखर घालत होते, तेव्हा माझ्या मधल्या बोटाला कचकन काहीतरी चावलं. मी हात झटकला. मधलं बोट बघितलं. तिथं काहीच नव्हतं. मुंगी पहिल्या बोटाला लटकली होती.

मी ओरडून आईला बोलावलं. आई धावत आली, तिला वाटलं साप. मी नुसतं बोट दाखवत होते. आईनं ती मुंगी काढूही दिली नाही. एवढे दिवस खाऊन चावली एकदाची, म्हणाली. तशाच आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि काडीनं एकेका बोटाला शिवत गेले. पहिल्या बोटाला शिवले की मी मधलं म्हणायचे. मधल्याला शिवले की कधी मधलं, कधी अंगठा. मी डोळे उघडले तर ते हसत होते.

"आली. पर घर चुकली," ते म्हणाले. "निम्म्या दुसऱ्याच नळीत शिरल्यात. त्या आता माघारी फिरत न्हाईत. डोस्कं शिकंल हळूहळू, कुणाच्या घरात कोण राहतंय ते."

आईनं विचारलं, मग हात बरा झाला म्हणायचा का. ‘बरा’ हा शब्दही त्यांनी कधी वापरला नाही.

"खोडवा हाय, वैनी. लावणीच्या उसाएवढा उतारा पडायचा न्हाय. पर गूळ व्हतोय. गूळ आपला गूळच की."

आईचं माहेर हातकणंगल्याकडचं, शेतीतलं. ऊस तोडला की त्याच बुडख्यातून फुटतो तो खोडवा, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि डॉक्टरांना वाकून नमस्कार करायला गेली. त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले.

त्याच आठवड्यात डॉक्टर शर्टाचं कापड घेऊन आमच्या दुकानात हजर. शिलाई आण्णांची चालेल, काज मात्र मीडियननं करायचे. पहिल्या काजाला मी घामाघूम झाले. सुई पहिल्या बोटात घुसायची आणि दुखायचं मधलं. कुठं टोचतंय ते बघायला दर वेळी थांबावं लागायचं. पण काज झाले. डॉक्टरांनी भिंग लावून ते एकेक तपासले, एक नापास केला, आणि शर्ट घालून बटणं एकेक काज चुकवून लावून निघून गेले. तेव्हापासून दर दिवाळीला त्यांचा शर्ट माझ्याकडं. दर वेळी एक काज नापास. आण्णा थकल्यावर दुकान माझं झालं, पाटीवर माझं नाव आलं, हाताखाली दोघी आल्या. सुई कुठं आहे हे आता बघावं लागत नाही. डोक्यानं गुपचूप भाषांतर करायला शिकून घेतलं आहे, मधलं दुखलं की पहिलं सांभाळायचं. पोरींना मी काज शिकवते तेव्हा त्या विचारतात, तुम्ही चिमूट अशी वेगळीच का धरता. मी सांगते, मला मुंग्यांनी शिकवलंय. आज माझ्या घरात जे शिजतं ते या हातानं मिळवलेलं आहे, आणि हा हात त्या माणसानं दिलेला आहे. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हणू शकले नाही, कारण असं काही बोलायला लागलं की ते हात ओढून घेऊन टिचक्या मारायला लागायचे.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. एका पहाटे ते झोपेतच गेले. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांना माझ्याच काजांचा शर्ट घातलेला होता. कुणीतरी बटणं बरोबर लावली होती. मला ते बघवलं नाही.

आपल्यामागं काही विधी करायचे नाहीत असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. पण काकू, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या की जन्मभर त्यांचं ऐकलं, आता एक दिवस माझं. रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर मोठी गर्दी झाली. बघावं तिकडं कुणाच्या हातावर वण, कुणाची बोटं जराशी वाकडी. नैवेद्याचं पान मांडलं. त्यात आजऱ्याच्या तांदळाचा भात होता, भाकरी होती, आणि गोड आवडायचं म्हणून साखरही. कावळे समोरच्या भिंतीवर येऊन बसले आणि तिथंच बसून राहिले. एकेकजण हात जोडून काहीबाही कबूल करायला लागला. दवाखाना बंद पडू देणार नाही. काकूंना सांभाळू. कावळा काही हलेना. काकूंचा चेहरा उतरत गेला. त्या पुटपुटल्या, माझ्यावर रागावलेत, नको म्हणाले होते.

पानाची कड वाऱ्यानं उलटत होती, म्हणून ती दाबायला मी खाली बसले. बसल्या बसल्या माझ्या मधल्या बोटावर काहीतरी चढल्यासारखं झालं. मी मधलं बोट बघितलं. तिथं काही नव्हतं. मग पहिलं बघितलं.

पैलवान माझ्या मागंच उभा होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. त्यानं माझ्या बोटाकडं पाहिलं, मग पानाकडं. भाताच्या कडेनं काळी रांग सरकत होती, आमच्या लक्षात येण्याआधी केव्हाची. पैलवानानं आवाज हलका करायचा प्रयत्न केला असावा, पण तालमीतला आवाज तो.

"डॉक्टर, मुंग्या आल्या."

आधी मागं कुणीतरी हुंदका दिला, मग त्याच माणसाला हसू फुटलं. मग ते हसू सगळ्या घाटभर पसरलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या कावळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "चला. जेवले ते."

माणसं पांगायला लागली. मी पानातली साखर तीन बोटांनी चिमटीत धरली आणि मुंग्यांच्या रांगेच्या टोकापर्यंत नेऊन ठेवली. एक कण सांडला नाही.